नाव आहे, नमुना नाही : सायक्स यांचे मत्स्यवर्णन आणि आजचा जनुकीय अभ्यास

कर्नल डब्ल्यू. एच. सायक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील गोड्या पाण्यातील माशांच्या अभ्यासात या वर्णनाला पायाभूत स्थान आहे. खुद्री, कोळस, नुक्ता ही स्थानिक नावे त्यांनी शास्त्रीय नामावलीत कायम केली, हे त्यांचे मोठे योगदान होय. तथापि त्यांनी वर्णिलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने आज ज्ञात नाहीत, ही या कार्याची गंभीर मर्यादा आहे.

या उणिवेचा परिणाम ‘मुसुल्ला’ या नावाच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. कावेरी खोऱ्यातील कुबड्या महाशीर अनेक अभ्यासकांनी टॉर मुसुल्ला म्हणून नोंदविला. सायक्स यांचा मुसुल्ला मुळात टॉर प्रजातीचा नसून हायप्सेलोबार्बस प्रजातीचा आहे, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. त्यामुळे कुबड्या महाशीर निनावी ठरला. आणि ज्या जातीला वैध नाव नाही, तिची संकटग्रस्तांच्या यादीत नोंद होणे सहसा कठीण असते. दरम्यान लोणावळा येथे कृत्रिम प्रजननातून तयार केलेली खुद्रीची पिले कावेरीत सोडली गेली होती आणि मूळचा मासा घटत चालला होता. अखेर २०१८ मध्ये शरीररचना व जनुकीय पुरावा यांच्या आधारे तो केरळातील पांबर नदीतून वर्णिलेला टॉर रेमादेवी असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदविला गेला.

येथे नमुना जतन करण्याच्या पद्धतीचाही विचार करावा लागतो. फॉर्मालिनचा वापर १८९३ नंतर रूढ झाला. त्यामुळे माशाचा आकार टिकतो. परंतु डीएनए प्रथिनांशी जखडला जातो व त्याचे तुकडे होतात. म्हणूनच मद्यार्कातील जुना नमुना कधीकधी फॉर्मालिनमधील नव्या नमुन्यापेक्षा अधिक बोलका ठरतो. नव्या तंत्रांनी अशा तुकड्यांचे वाचन काही अंशी शक्य झाले असले, तरी यशाची खात्री नसते.

वणीच्या संदर्भात हा प्रश्न दूरचा नाही. निर्गुडेचे पाणी वर्धेतून प्राणहितेला व पुढे गोदावरीला मिळते. सायक्स यांचे संकलन मात्र प्रामुख्याने पश्चिम दख्खनमधील आहे. तेथील नावे वर्धा-पैनगंगेच्या माशांना केवळ साम्यावरून लावणे म्हणजे मुसुल्लाच्या चुकीची पुनरावृत्ती करणे होय. महाविद्यालयीन संग्रहालयांत मासा फॉर्मालिनमध्ये ठेवण्यापूर्वी त्याच्या पराचा लहानसा तुकडा ९५ टक्के मद्यार्कात वेगळा ठेवावा आणि चिठ्ठीवर नदी, गाव व दिनांक नोंदवावा. एवढी दक्षता घेतली, तरच आजची बरणी उद्याच्या अभ्यासकाला पुरावा म्हणून उपयोगी पडेल.