पाच पुड्यांतील धूळ

साहित्यचर्चेत विज्ञानलेखनाला आपण सहसा बाहेरच्या ओसरीवरच बसवतो. त्यातील माहिती घ्यावी आणि पुस्तक मिटावे. त्याच्या गद्याची चिकित्सा करण्याचे काही कारण नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत आम्हांस मान्य नाही. ती का मान्य नाही, हे सांगण्यासाठी येथे चार्ल्स डार्विनच्या ‘बीगल’ जहाजावरील प्रवासवृत्तातील केवळ एका मजकुराचा विचार करीत आहोत. हे वृत्त प्रथम १८३९ साली प्रसिद्ध झाले. आज बहुधा वाचली जाते ती १८४५ ची सुधारलेली आवृत्ती. तिच्या पहिल्याच प्रकरणात, सूक्ष्म जीवांचे अवशेष वाऱ्यावरून समुद्रापार कसे जातात, याची छोटी हकिकत आली आहे.

प्रसंग जानेवारी १८३२ चा. आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्दे बेटांपाशी जहाज आले, तेव्हा हवा धुरकट होती. अतिसूक्ष्म धूळ सतत पडत होती आणि तिने खगोलनिरीक्षणाच्या उपकरणांनाही थोडी इजा केली होती. डोलकाठीच्या टोकावरील वातदर्शकाच्या विरळ कापडात वाऱ्यातून गाळली गेलेली तपकिरी धूळ डार्विनने एका पुडीत बांधून ठेवली. पुढे भूशास्त्रज्ञ लायेल यांच्याकडून त्याला तशाच चार पुड्या मिळाल्या. या पाचही पुड्या बर्लिनच्या एरेनबर्ग यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत ६७ प्रकारचे सेंद्रिय आकार मोजले. त्यांत सिलिकेची कवचे असलेले सूक्ष्म जीव होते आणि वनस्पतींच्या पेशिजालाचे अंशही होते. त्या सूक्ष्म जीवांपैकी दोन जाती समुद्रातील, बाकी सर्व गोड्या पाण्यातील. भर समुद्रात पडणाऱ्या धुळीत तळ्याडबक्यांतील जीवांची कवचे सापडावीत, ही गोष्ट कोणाही लेखकाला अलंकारांचा मोह घालील अशीच आहे.

डार्विन त्या मोहात पडत नाही. तो वाऱ्याची दिशा सांगतो. ज्या महिन्यांत आफ्रिकेवरून कोरडा ‘हरमॅटन’ वारा धूळ उंच उडवतो, त्याच महिन्यांत जहाजांवर धूळ पडते, हे सांगतो. आणि म्हणून ही धूळ आफ्रिकेचीच असली पाहिजे, असा निष्कर्ष काढतो. पण लगेच तो स्वतःविरुद्ध साक्ष देतो. एरेनबर्ग यांना केवळ आफ्रिकेत आढळणाऱ्या अनेक जाती ठाऊक होत्या. त्यांतील एकही या धुळीत सापडली नाही. उलट तोवर फक्त दक्षिण अमेरिकेतच माहीत असलेल्या दोन जाती मात्र सापडल्या. एखाद्या वकिली बाण्याच्या लेखकाने हे वाक्य गाळले असते, निदान तळटीपेत तरी ढकलले असते. डार्विनने ते मजकुरात ठेवले आणि निष्कर्षही सोडला नाही. आमच्या मते या लेखनाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

दुसरे सामर्थ्य त्याच्या अनुमानाच्या मापात आहे. किनाऱ्यापासून ३०० मैलांवर गोळा केलेल्या धुळीत त्याला इंचाच्या हजाराव्या भागाहून मोठे दगडाचे कण आढळले. दगड जर इतका दूर जातो, तर त्याहून कितीतरी हलके असे नेचे-शेवाळांसारख्या अपुष्प वनस्पतींचे बीजाणू दूरवर पसरतात यात आश्चर्य ते काय, एवढेच तो म्हणतो. जड वस्तूवरून हलकीकडे जाणारे हे अनुमान घरातल्या माणसालाही पटावे असे आहे. त्यात एकही पारिभाषिक शब्द खटकत नाही.

दोष नाही असे नाही. धुळीतील आकार त्याने मोजवून घेतले. पण त्यांतील काही जिवंत आहे काय, हा प्रश्न येथे विचारलेला नाही. हवेतून येणाऱ्या सजीव बीजांचा पाठपुरावा पुढे पाश्चरने केला. १८६० साली त्याने निर्जंतुक द्रवाचे वीस-वीस चंबू वेगवेगळ्या उंचीवर उघडले. जुरा पर्वताच्या पायथ्याशी आठ, ८५० मीटरवर पाच आणि हिमनदीजवळ एकच चंबू बिघडला. डार्विनच्या धुळीला मात्र उत्तरासाठी २००७ पर्यंत थांबावे लागले. बर्लिनच्या संग्रहालयात जपलेल्या एरेनबर्ग-संग्रहातील धुळीचे नमुने तपासले गेले. खनिजांवरून ती धूळ पश्चिम आफ्रिकेचीच ठरली आणि तिच्यातील जिवाणू व बुरशी प्रयोगशाळेत पुन्हा वाढवता आल्या. विरुद्ध साक्ष उघड नोंदवूनही डार्विनचा निष्कर्ष टिकला.

आता आपल्या भाषेकडे वळू. या विषयावरील मराठी लेखनात ‘सूक्ष्मजीवांचा प्रवास’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. प्रवास करणाऱ्याला गंतव्य असते. जिवाणूला ते नसते. तो उचलला जातो, वाहून नेला जातो, टाकला जातो. ऊन आणि कोरडेपणा त्याला वाटेतच मारतात. धुळीच्या कणाच्या खाचेत आसरा मिळालेला किंवा बीजाणूच्या कवचात सुप्त असलेला कधी तगतो. आणि पाऊस त्याला खाली आणतो. दुसरा शब्द ‘जंतू’. मुळात नुसता प्राणी असा अर्थ असलेल्या या शब्दाला ‘जंतुनाशक’, ‘जंतुसंसर्ग’ या जोडशब्दांनी रोगाचा वास लावला. त्यामुळे हवेतील प्रत्येक सूक्ष्म जीव वाचकाला वैरी वाटतो. ‘विषाणू’त तर विष नावातच आहे, पण स्पेनच्या सिएरा नेवाडा पर्वतावर एका चौरस मीटरवर दिवसाला कोट्यवधी विषाणू उतरतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीतून दिसले, आणि त्यामुळे तेथील माणसे आजारी पडली नाहीत.

शब्दांची ही चर्चा निरुपद्रवी नाही. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने, कोविड हवेतून पसरत नाही, असे ‘तथ्य’ या शब्दासह जाहीर केले. बंद खोलीतील श्वासाचे कण आणि सहाराची धूळ हे प्रश्न भिन्न आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु लेखनाचा दोष एकच. पुरावा अपुरा असताना वाक्य पूर्ण केले गेले. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुल्या पत्रातून आक्षेप घेतला. एप्रिल २०२१ मध्ये संघटनेने आपला मजकूर बदलला. २०२४ साली परिभाषाच नव्याने मांडली. मधल्या काळात लोक भाजीच्या पिशव्या धूत राहिले आणि खिडक्या बंदच राहिल्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील वडीलधारी माणसे त्या दोन वर्षांत गेली. एका वाक्याने ती गेली असे आम्ही म्हणत नाही. पण ‘अद्याप निश्चित नाही, तोवर खिडकी उघडी ठेवा’ असे वाक्यही लिहिता आले असते, एवढे खरे.

म्हणून विज्ञानलेखन तपासताना आम्ही एकच कसोटी सुचवतो. लेखकाने काय पाहिले, काय अनुमानिले आणि कोणते पुरावे त्याच्या विरुद्ध गेले, हे तिन्ही वाचकाला वेगवेगळे दिसते काय? डार्विनच्या त्या थोडक्या मजकुरात ते दिसते. भाषेच्या डौलापेक्षा ही गोष्ट साधणे अधिक कठीण आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी प्रथम तीच साधावी असे आम्हांस वाटते.