लग्नाचा बँड : निवडीचे निकष आणि नव्या वादकाची घडण

प्रस्तावना

महाराष्ट्रात वाद्यसंगीताला मिळणारा सर्वांत व्यापक आश्रय हा विवाहसोहळ्याचा आहे. संगीतसभेला जाणारा श्रोतृवर्ग मर्यादित असतो. परण्याच्या वा वरातीच्या मिरवणुकीतील बँड मात्र रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडतो. असे असूनही बँडकडे कला म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्या समीक्षेत अभावानेच आढळते. बँड म्हणजे गोंगाट, असे म्हणून सुशिक्षित रसिक बाजूला होतो आणि त्याच रसिकाच्या घरी कार्य निघाले की तोच बँडला सुपारी देतो. या विसंगतीच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. यजमान बँडची निवड कोणत्या निकषांवर करतो, हा पहिला; आणि पितळी वाद्य प्रथमच हाती घेणारा मुलगा काय व कसे शिकतो, हा दुसरा. वरवर भिन्न वाटणारे हे प्रश्न वस्तुतः एकच आहेत. यजमान जे मागतो तेच मुलाला शिकवले जाते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

बलुतेदारीच्या व्यवस्थेत मंगलप्रसंगीचे वादन हे काही जातींकडे सोपवलेले काम होते. गुरव, घडशी, मांग, होलार या समाजांनी सनई, डफ, हलगी यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. वाद्याचा आवाज मंगल, पण वाजवणारा उपेक्षित, अशी ही स्थिती होती. ब्रिटिश छावण्यांतील लष्करी बँड आणि त्यांच्या अनुकरणाने संस्थानिकांनी बाळगलेले बँड यांच्यामुळे ट्रम्पेट, युफोनियम, क्लॅरिनेट, साइड ड्रम ही वाद्ये भारतीय समाजात रुजली. गणवेश आणि शिस्तबद्ध चाल यांना राजेशाही प्रतिष्ठा होती. लग्नाच्या मिरवणुकीने ती उचलली. वाद्ये बदलली, तरी वाजवणाऱ्याचे सामाजिक स्थान त्या मानाने फारसे बदलले नाही.

या व्यवसायाचा विस्तृत अभ्यास ग्रेगरी बूथ यांनी 'ब्रास बाजा' (२००५) या इंग्रजी ग्रंथात केला आहे. ग्रंथाच्या उपशीर्षकातच 'कहाण्या' हा शब्द असून वादक आणि पथकमालक यांचे जीवन हा त्याचा गाभा आहे. बँडवाल्याला माणूस म्हणून समोर आणणे, हे या ग्रंथाचे मोठे श्रेय होय. मात्र वादकाविषयी सहानुभूती बाळगणे आणि त्याचे वादन लक्षपूर्वक ऐकणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मराठी समीक्षेला यातील दुसरी गोष्ट अद्याप करावयाची आहे.

निवडीचे निकष

बँड ठरवताना होणारी बोलणी पाहिली असता त्यांत संगीताचा विषय जवळजवळ नसतोच, असे दिसून येते. माणसे किती, गणवेश कोणता, रोषणाई आहे का, गाडीवर कीबोर्ड व ध्वनिक्षेपक आहे का, अमुक नवे गाणे येते का आणि इसार किती, एवढ्यावर व्यवहार पक्का होतो. 'बँड बाजा बारात' (२०१०) या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकात बँडला पहिले स्थान आहे. कथा मात्र लग्नाचे आयोजन करणाऱ्या तरुण जोडीची आहे. बँड हे लग्नाचे चिन्ह म्हणून हवे असते, संगीत म्हणून नव्हे, याचा हा बोलका दाखला म्हणता येईल.

ऐकण्याचे निकष नसतात असे नाही. सर्व वाद्यांचा षड्ज एक आहे का? चालताना लय स्थिर राहते का? गाण्याची ओळ जिथे संपते तिथेच वादक श्वास घेतो का? युफोनियमचा खालचा स्वर ऐकू येतो, की ताशा आणि ड्रमखाली तो गाडला जातो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पथकाला हळू वाजवता येते का? मोठ्याने वाजवणे ही ताकदीची बाब आहे, हळुवार वाजवणे ही तालमीची. पुण्याच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार यांसारख्या पथकांची नावे लोक आवर्जून घेतात. श्रोत्याला बँडमधील फरक कळतो, हेच यावरून सिद्ध होते. लग्नाच्या बोलणीत मात्र ही जाणीव बाजूला राहते.

आवाजाच्या मोठेपणावर भर देण्यास कायद्याचीही मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ डेसिबल ही पातळी ठरवण्यात आली असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेतील वादनावर निर्बंध आहेत. डीजेच्या भिंतीशी आवाजात स्पर्धा करणे बँडला शक्य नाही आणि हितावहही नाही. स्वराचा गुण हेच त्याचे खरे बळ ठरते.

नव्या वादकाचे शिक्षण

बँडमध्ये आलेला मुलगा प्रायः घरच्या वा नात्यातल्या माणसाचे बोट धरून येतो. आधी खुळखुळा वा झांज, मग ड्रम आणि पुढे फुंकीचे वाद्य, असा क्रम अनेकदा दिसतो. बँडमास्तर बोटे दाखवतो, मुलगा ती पाठ करतो आणि दाट तिथीला माणसे कमी पडली की तो रांगेत उभा राहतो. नेमकी येथेच अडचण आहे. हार्मोनियमवर पट्टी दाबली की ठरलेला स्वर मिळतो. ट्रम्पेटचे तसे नाही. त्याच्या तीन खटक्यांतून नळीच्या मोजक्याच लांबी मिळतात आणि एकाच बोटस्थितीत ओठांच्या ताणानुसार अनेक स्वर निघतात. म्हणून जो स्वर मुलाला आधी मनात ऐकू येत नाही, तो वाद्यातून नेमका निघत नाही. केवळ बोटे शिकलेला मुलगा स्वर शोधत राहतो आणि तो सापडावा म्हणून जोर लावतो. मुखनलिका ओठांवर दाबून तासन्‌तास मोठ्याने फुंकल्यास ओठ सुजतात, बधिर होतात आणि वाईट सवय कायमची जडते.

यावरील उपाय परका नाही. गायनातील खर्जसाधनेप्रमाणे लांब, संथ आणि हळू स्वर धरणे हा पितळी वाद्याचाही पाया आहे. गाण्याची ओळ आधी सरगमेत गाऊन घ्यावी, मग वाद्यावर घ्यावी. लहान मुलाच्या हाती लांब ट्रम्पेटपेक्षा आटोपशीर कॉर्नेट अधिक सोयीचे. नेहमीच्या ट्रम्पेटचा मूळ स्वर काळी पाच, तर आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोन. हा फरक सुरुवातीसच समजला तर पुढचा गोंधळ टळतो. उन्हात वाद्यातील हवा तापून स्वर चढतो, म्हणून सावलीत जुळवलेले वाद्य रस्त्यावर पुन्हा जुळवावे लागते, हेही शिकवण्याचेच कलम आहे.

गोमंतकीय दाखला

पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमध्ये 'मेस्त्र' मुलांना प्रथम स्वरवाचन व स्वरगायन शिकवीत आणि त्यानंतर वाद्य हाती देत. या परंपरेतून आलेले अनेक वादक संस्थानांचे बँड, हॉटेलांतील जाझ आणि मुंबईचे चित्रपटसंगीत यांत नावारूपाला आले. 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले; 'अलबेला' (१९५१) मधील पाश्चात्त्य धाटणीच्या संगीतात त्यांचा वाटा मोठा होता. येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. चित्रपटगीतातील ट्रम्पेटची जी ओळ स्वरलिपी वाचणाऱ्या वादकाने ध्वनिमुद्रणगृहात वाजवली, तीच ओळ लग्नातील वादक केवळ ऐकून उचलतो. वाद्य तेच, गाणे तेच. अंतर आहे ते शिक्षणाच्या संधीचे, कुवतीचे नव्हे.

तथापि श्रवणशिक्षणाला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. रात्रीच्या मिरवणुकीत कागद वाचता येत नाही; शेकडो गाणी स्मरणात ठेवणे आणि गर्दीचा कल पाहून क्षणात गाणे बदलणे ही असामान्य क्षमता आहे. आवश्यकता आहे ती या क्षमतेला सरगमेची जोड देण्याची. बडोद्यात मौलाबक्ष यांनी १८८६ साली सुरू झालेल्या संगीतशाळेत स्वरलेखनाद्वारे शिक्षण दिले. मौखिक परंपरा आणि लेखन एकत्र नांदू शकतात, हे त्यामुळे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच दिसून आले होते.

निष्कर्ष

१. यजमानाने बँड छायाचित्रांवरून न ठरवता एखाद्या मिरवणुकीत चालता-वाजवताना ऐकून ठरवावा. एक संथ गाणे अवश्य ऐकावे.

२. वादकांना मध्ये विश्रांती देणे ही यजमानाची कृपा नसून चांगल्या वादनाची अट आहे.

३. शिकणारा मुलगा आणि कामावरचा मुलगा यांत भेद केला पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास कायद्याने सर्वसाधारण बंदी आहे; कुटुंबाच्या व्यवसायातील मदतीची सवलतही शाळा सांभाळूनच आहे. दाट तिथीची गरज हे शिक्षणाचे वेळापत्रक होऊ शकत नाही.

४. चातुर्मासात लग्ने थांबतात. गणेशोत्सवापूर्वीचे आषाढ-श्रावणाचे दिवस हे बँडच्या शाळेचे स्वाभाविक सत्र होय. महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी या काळात आपले वर्ग बँडमधील मुलांसाठी खुले करावेत आणि बँडमास्तरांनाच अध्यापक म्हणून मानधनासह बोलवावे.

ज्या समाजांनी शतकानुशतके इतरांच्या मंगलकार्यात वाजवले, त्यांच्या मुलांना वाद्य वाजवण्याचे काम मिळाले. ते नीट शिकण्याचा अधिकार मिळाला नाही. तो मिळवून देण्याची सुरुवात विद्यापीठात होईल तेव्हा होवो. सुपारी देताना एक गाणे लक्षपूर्वक ऐकण्यापासून ती आजही होऊ शकते.