हळवे, निमगरवे, गरवे : एका वर्गीकरणाचा विचार

कोकणातील भातशेतीत वाणांचे हळवे, निमगरवे व गरवे असे तीन वर्ग रूढ आहेत. कृषिविषयक पुस्तिकांत त्यांचा अर्थ बहुधा दिवसांत दिलेला असतो : हळवे सुमारे ११५ दिवसांत तयार होणारे, गरवे १३५ दिवसांहून अधिक काळ घेणारे आणि निमगरवे या दोहोंमधले. ही व्याख्या चुकीची नाही; परंतु ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणामुळे शेतकऱ्याच्या निवडीविषयी गैरसमज उत्पन्न होतो.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘हळवा’ या शब्दाचा संबंध प्राकृत ‘हलुअ’शी, म्हणजे संस्कृत ‘लघुक’शी आहे, ‘गरवा’चा ‘गरुअ’शी, म्हणजे ‘गुरुक’शी. मुळात हे हलके व जड यांचे द्वंद्व होय. व्यवहारातही वाणाचा विचार जमिनीवेगळा होत नाही. उंचवट्यावरील ज्या खाचरातली ओल पाऊस सरताच आटते तेथे हळवे. सखल खाचरात पाणी टिकते तेथे गरवे. म्हणून एकाच घरी दोन-तीन वर्गांचे भात असणे हा अनिश्चय नसून नियोजन असते. कापणीचे श्रमही त्यामुळे विभागले जातात. ‘आपण कोणता वाण स्वीकारला?’ हा सर्वेक्षणातील एकवचनी प्रश्न येथेच फसतो.

संशोधन केंद्रांनी दिलेल्या नावांतून हा बोध होत नाही. ‘रत्नागिरी १’ हळवे, तर ‘रत्नागिरी २’ गरवे. बियाण्याची ओळख शुद्ध राखण्यास अशी नावे अवश्य आहेत. निवडीस मात्र ती पुरत नाहीत.

तथापि पारंपरिक संज्ञा स्वयंसिद्ध मानणेही युक्त नव्हे. हळव्याची सुरक्षितता पाऊस वेळेवर सरण्यावर अवलंबून असते. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर ठरविली. पक्व हळवे अशा लांबलेल्या पावसात सापडल्यास आडवे पडते व लोंबीतच दाण्यांना मोड येतात. उलट पाऊस लवकर सरला, तर गरव्याचे दाणे भरत नाहीत. संज्ञा त्याच राहिल्या; त्यांतील जोखीम बदलली.

यास्तव पुढील अभ्यासांत वाणाचे नाव, त्याचा वर्ग व खाचराचे स्थान या तिन्ही गोष्टी एकत्र नोंदविल्या पाहिजेत. अन्यथा शेतकऱ्याने विचारपूर्वक राखलेले गरवे ‘जुन्यास चिकटून राहणे’ म्हणून नोंदले जाईल. आणि त्या नोंदीवर आधारलेला सल्ला चुकल्यास हानी अभ्यासकाची नव्हे, शेतकऱ्याची होईल.