पेनाने लिहिलेलं शतक

जुनी ट्रम्प कार्डं विकत घेणाऱ्या एकाला गेल्या महिन्यात मी इन्स्टाग्रामवर सात फोटो पाठवले. अमळनेरच्या घरी माळ्यावर एक बिस्किटाचा डबा सापडला होता. त्यात डब्ल्यूडब्ल्यूएफची काही कार्डं होती आणि क्रिकेटची थोडी. पाच कार्डं त्याला चालली. एकाचा कोपरा गेला होता, म्हणून त्याचे निम्मे पैसे सांगितले. सातवं सचिन तेंडुलकरचं. त्यावर त्याचा मेसेज आला, ‘हे नको भाऊ, पेनाने लिहिलंय.’

खरं तर त्या डब्यात वाचण्यासारखं तेवढं एकच कार्ड होतं. ते नाकारलं गेलं, म्हणून हा लेख.

ज्यांनी ही कार्डं हाताळली नाहीत त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो. पत्ते वाटायचे आणि आपलं वरचं कार्ड बघून एक आकडा पुकारायचा. कुस्तीच्या कार्डांवर रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढला, किती जिंकला असे रकाने असायचे. ज्याचा आकडा मोठा, तो समोरच्याचं कार्ड खेचणार. फक्त रँकमध्ये उलटं, तिथे लहान आकडा जिंकतो. मोठं असणं आणि वरचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शाळेच्या आधी योकोझुनाच्या कार्डाने शिकवलं.

या कार्डांकडे मजकूर म्हणून पाहिलं तर गंमत दिसते. कुस्ती आधी ठरवलेली असते हे आम्हाला माहीत नव्हतं. ‘जिंकलेल्या लढती’ हा रकाना म्हणजे एका गोष्टीतला आकडा होता. पण त्या खोट्या आकड्यावर आम्ही जो खेळ खेळलो, त्यात लबाडी चालत नव्हती. क्रिकेटच्या कार्डांचं नेमकं उलटं. तिथले आकडे खरे, पण छापखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून शिळे होत जाणारे. पुढच्या सामन्यात खेळाडू धावा काढतो, कार्ड जागेवरच राहतं.

सचिनचं ते कार्ड माझं नव्हतं. १९९४ च्या वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात लागलेल्या एका दुकानातून माझ्या मित्राने तो संच घेतला होता. कंपनीचं नाव नाही, छपाई जरा सरकलेली. त्या संचात राजा होता डेस्मंड हेन्स, एकदिवसीय शतकं १७. आणि सचिनच्या कार्डावर त्याच रकान्यात होतं ० . आज विश्वास बसणार नाही, पण ते बरोबर होतं. सचिन १९८९ पासून खेळत होता, पण त्याचं पहिलं एकदिवसीय शतक आलं ९ सप्टेंबर १९९४ ला, कोलंबोत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तोवर ७८ सामने होऊन गेले होते.

म्हणजे आमच्या सगळ्यांच्या लाडक्या खेळाडूचं कार्ड हातात आलं की माणूस हरायचा. समोरचा डोळे झाकून ‘शतकं’ पुकारायचा.

शतकाच्या दुसऱ्या दिवशी मित्राने निळ्या बॉलपेनने शून्य खोडलं आणि शेजारी १ लिहिला. आम्ही भांडलो. छापलेलं बदलता येतं का? तो म्हणाला, ‘भो, छापणाऱ्याला काय माहीत होतं?’ त्या वाक्याला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. पुढे ऑक्टोबरात बडोद्याला न्यूझीलंडविरुद्ध शतक झालं, १ खोडून २. नोव्हेंबरात जयपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध, ३. एप्रिल १९९५ मध्ये शारजात श्रीलंकेविरुद्ध, ४. जूनमध्ये त्याच्या घरचे सुरतला कामाला गेले, तेव्हा ते कार्ड त्याने मला दिलं.

आता बाजाराकडे येऊ. अमेरिकेत हा धंदा फार मोठा आहे. मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते इतकं दुर्मिळ का? १९६० मध्ये न खपलेली १९५२ ची कार्डं बोटीत भरून समुद्रात बुडवली, असं त्या कंपनीचे साय बर्जर सांगत. म्हणजे कार्डाची किंमत कार्डाच्या आत नसते, ती समुद्राच्या तळाशी असते. इतरांची कार्डं फाटली, हरवली, रद्दीत गेली म्हणून तुमचं महाग. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हे सगळ्यांच्या ध्यानात आलं, लोकांनी खोकीच्या खोकी न उघडता जपून ठेवली आणि कंपन्यांनी छापायचा सपाटा लावला. सगळ्यांनीच जपली, त्यामुळे त्या काळातली बहुतेक कार्डं आजही स्वस्त आहेत.

१९९१ मध्ये तिथे पीएसए ही कार्डांना गुण देणारी संस्था सुरू झाली. एक ते दहा गुण. कोपरे, कडा, पृष्ठभाग, छपाई मध्यभागी आहे का, हे बघायचं आणि कार्ड प्लास्टिकच्या कवचात बंद करायचं. कार्डावर पेनाची खूण असेल तर तसा वेगळा शेरा मारण्याची सोय त्यांच्या पद्धतीत आहे. पण तीच खूण खेळाडूच्या सहीची असली तर किंमत चढते. खेळाडूचं पेन कार्ड वाढवतं, वाचणाऱ्याचं पेन कार्ड घटवतं.

माझा आक्षेप इथे आहे. गुण देणं ही एक प्रकारची समीक्षाच आहे, पण ती ‘या वस्तूला कोणाचा हात लागला नाही ना?’ एवढंच विचारते. पुस्तकांच्या बाबतीत आपण असं म्हणत नाही. समासात टिपा असलेली जुनी प्रत अभ्यासकाला कोऱ्या प्रतीपेक्षा जास्त काही सांगते. माझ्या मित्राची प्रत सांगते की १९९४-९५ मध्ये अमळनेरचा एक दहा वर्षांचा मुलगा रेडिओ ऐकून छापील शब्दाला दुरुस्त करत होता.

पण थांबा. हे मी फार सहज म्हणतोय, आणि अमळनेरच्या माणसाने ते इतक्या सहज म्हणू नये.

कारण कागद जपण्याची जगातली एक भारी गोष्ट आमच्याच गावची आहे. डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हशम प्रेमजींनी अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या पुष्कळ साध्या घरांकडे तिचे शेअर होते. ज्यांनी ठेवले त्यांचं काय झालं, याचा हिशेब करून बघा. फक्त १९९६ पासून मोजू. हातात एक शेअर. १९९७ च्या बोनसने त्याचे ३ झाले, १९९९ च्या विभाजनाने १५. २००४ मध्ये ४५, २००५ मध्ये ९०, २०१० मध्ये १५०, २०१७ मध्ये ३००, २०१९ मध्ये ४०० आणि २०२४ मध्ये ८००. काही न करता, नुसतं बसून.

माझ्या आजोबांनी त्यांचे शेअर आत्याच्या लग्नासाठी विकले होते. आमच्या घरात दर दिवाळीला कोणीतरी ‘ठेवले असते तर’ हे वाक्य म्हणतं, आणि आजोबा हयात होते तोवर त्यांच्यासमोरही म्हणायचे. ते काही बोलत नसत, शेव-भाजीत भाकरी कुस्करत राहत. ‘आईने कार्डं रद्दीत दिली नसती तर’ असं सांगणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. ते आमच्याच घरातलं वाक्य आहे, मागे फक्त वेगळं संगीत.

दोन्ही कागद सारखे नाहीत, हे मला बिस्किटाच्या डब्यापुढे बसून कळलं. शेअर वाढतो कारण त्यामागे कारखाना चालतो, माणसं राबतात, एकाचे आठशे होतात आणि तरी भाव टिकतो. कार्डाचे आठशे झाले तर त्याला कोणी विचारणार नाही. शेअरच्या कागदाची आता गरजही उरलेली नाही. एप्रिल २०१९ पासून डीमॅट केल्याशिवाय शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. कार्ड मात्र कागदच लागतं. एवढा फरक असून दोघांना एकच ‘ठेवले असते तर’ लावायचं, ही आपली चूक. आणि आजोबांच्या कागदाचं काय झालं ते मला माहीत आहे. त्याचं लग्न झालं. आत्या नंदुरबारला सुखात आहे. त्या शेअरला मी दहापैकी किती गुण देऊ?

पण ज्यांनी ठेवले त्यांच्या मुलांची शिक्षणं झाली, घरं झाली, हेही खरं आहे. वापरणारा शहाणा आणि जपणारा कंजूष, असा सोपा निकाल मी देणार नाही. जपणंही कधीकधी प्रेमाने होतं. मी तीस वर्षं तो डबा का ठेवला?

हे मित्राला विचारायचं म्हणून सुरतला फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला. मला वाटलं, गहिवरेल. तो म्हणाला, ‘चारच का रे? पुढचं का नाही लिहिलं?’

मला उत्तर सुचलं नाही. सचिनची एकदिवसीय शतकं ४९ झाली. मी त्यातली कितीतरी त्याच घरात बसून पाहिली, कार्ड डोक्यावर माळ्यात होतं. मी ते इतकं जपलं की पेन लावायचं कधी मनातच आलं नाही. गिऱ्हाईकाला नको असलेला चार त्याचा होता. त्यापुढची कोरी जागा माझी.

शेवटी तो म्हणाला, ‘विकलं तर माझा अर्धा हिस्सा.’ म्हटलं, ‘शून्य रुपये भाव आलाय, शून्याचा अर्धा किती?’

‘शून्य मी कधीच खोडलंय,’ तो म्हणाला. ‘चाराचा अर्धा दे.’