‘द फॅन’ : पत्रे, आवाज आणि लॉरेन बेकॉल

बॉब रँडल यांची ‘द फॅन’ (१९७७) ही कादंबरी पत्ररूप आहे. तीत निवेदक असा कोणी नाही. जो तो आपल्या पत्रापुरता बोलतो, आणि दोन पत्रांमधील मौनात भय साठत जाते. एडवर्ड बियांकी यांनी १९८१ साली तिच्यावरून काढलेल्या चित्रपटात हे मौन भरून काढण्यात आले. चित्रपटाच्या अपयशाचे मूळ येथे शोधावयास हवे. सॅली रॉसची भूमिका करणाऱ्या लॉरेन बेकॉल यांच्या वयाकडे बोट दाखविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे.

सॅली ही न्यूयॉर्कमधील नामवंत नटी. ती नव्या संगीतिकेच्या तालमीत गुंतलेली असते. ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या दुकानात काम करणारा डग्लस ब्रीन तिला पत्रांमागून पत्रे धाडतो. त्याच्या पत्रांतील भाषेचा प्रवास अभ्यसनीय आहे : प्रथम अदब, मग प्रियकराचा अधिकार, अखेर अश्लील धमकी. ‘आपण’वरून ‘तू’वर येण्याची जी सोय मराठीस आहे, ती आजच्या इंग्रजीत नाही. तेथे जवळीक सर्वनामाने नव्हे, तर संबोधनाने आणि शब्दांच्या निवडीने लादावी लागते. मायकेल बीन हे वळण आवाजाची पट्टी न चढविता दाखवितात, हे त्यांचे यश होय. पण सॅली ही पत्रे वाचतच नाही. सौजन्याची ठरावीक उत्तरे लिहिते ती तिची सचिव बेल. परिणामी नायिका बराच काळ आपल्याच कथेबाहेर राहते.

बेकॉल यांचे खरे सामर्थ्य संवादात. एकोणिसाव्या वर्षी, ‘टु हॅव अँड हॅव नॉट’ (१९४४) मध्ये, त्यांनी आपल्या खालच्या, सावकाश स्वराने प्रेक्षकांस जिंकले. तो स्वर समोरच्याच्या वाक्याची वाट पाहतो आणि मग त्यास मात देतो. ‘द शूटिस्ट’ (१९७६) मधील खाणावळवाल्या विधवेच्या भूमिकेतही, मरणोन्मुख जॉन वेन यांच्यासमोर, तोच गुण परिपक्व होऊन आलेला दिसतो. ‘द फॅन’मध्ये तो दिसतो तो मॉरीन स्टेपल्टन यांच्या बेलसमवेत. दीर्घ सहवास असलेल्या दोन स्त्रिया जशा अर्धवट वाक्यांत बोलतात, तशा त्या बोलतात. पटकथाकारांनी मात्र बेलवर भुयारी रेल्वेच्या स्थानकात वार करवून तिला रुग्णालयात धाडले, आणि नायिकेचा एकमेव समर्थ संवादक काढून घेतला. जेम्स गार्नर यांचा पूर्वपती ती उणीव भरून काढीत नाही. त्यांना करण्यासारखे काही दिलेलेच नाही. पुढे उरतात ते वस्तरा, अंधाऱ्या जागा आणि पिनो दोनाज्जियो यांचे संगीत.

गाण्यांच्या प्रसंगांत बेकॉल कमी पडतात, हे मान्य करावयास हवे. मार्विन हॅमलिश व टिम राइस यांची गाणी त्यांच्या गळ्यास पेलत नाहीत. पडद्यावरील प्रेक्षक टाळ्या वाजवितात तेव्हा चित्रपटगृहातील प्रेक्षक संकोचतो. तथापि ‘अप्लॉज’ (१९७०) आणि ‘वुमन ऑफ द इयर’ (१९८१) या संगीतिकांसाठी त्यांना टोनी पुरस्कार लाभले, हेही विसरता येत नाही. रंगमंचावर जे व्यक्तिमत्त्व म्हणून स्वीकारले जाते, ते कॅमेरा जवळ येताच केवळ स्वरदोष ठरते.

चित्रपट मे १९८१ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी, ८ डिसेंबर १९८० रोजी, जॉन लेनन यांची एका चाहत्याने हत्या केली होती. ती ज्या डकोटा इमारतीच्या दाराशी झाली, तेथेच बेकॉल राहत असत. चित्रीकरण त्यापूर्वीचे असल्याने संधिसाधूपणाचा आरोप टिकत नाही. पण इतक्या निकटच्या वास्तवापुढे चित्रपटातील रक्तपाताची पोकळी अधिकच जाणवली. चाहत्यास आपला हक्क कोठून प्राप्त झाला असे वाटते, हा प्रश्न कादंबरीचे रूपच विचारीत होते. चित्रपटाच्या शेवटी सॅली व ब्रीन रिकाम्या नाट्यगृहात समोरासमोर येतात, तेव्हा हा प्रश्न तिच्या तोंडून ऐकण्याची वेळ आलेली असते. तेथेही निर्णय शस्त्रावरच सोपविला गेला आहे.