संकेतभाषेचा कोश आणि त्याची परिशिष्टे

विल्यम स्टोको, डोरोथी कास्टरलाइन व कार्ल क्रोनबर्ग यांचा अमेरिकन संकेतभाषेचा कोश १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्याची थोरवी सांगताना बहुधा त्यातील लेखनपद्धतीचाच निर्देश होतो. हे मूल्यमापन अपुरे होय.

ही पद्धती स्टोको यांनी १९६० सालीच मांडली होती. खूण हे अखंड चित्र नसून स्थान, हस्ताकृती व हालचाल या घटकांत तिचे पृथक्करण होते, हा तिचा गाभा. 'उन्हाळा', 'कुरूप' आणि 'कोरडे' या तिन्ही खुणांत तर्जनी चेहऱ्यापुढून आडवी जाता जाता वाकते. पहिलीत कपाळापुढून, दुसरीत नाकापुढून, तिसरीत हनुवटीपुढून. मराठीत 'काळ' व 'गाळ' यांतील भेद जसा घोषत्वाने साधतो, तसा येथे स्थानाने साधतो. कोशातील नोंदीही इंग्रजी वर्णक्रमाने न लावता या घटकांच्या क्रमाने लावल्या आहेत. त्यामुळे खूण इंग्रजी शब्दाची छाया न राहता स्वतंत्र पद ठरते.

परंतु ही पद्धती हातांपाशीच थांबते. भुवया उंचावून विचारलेला प्रश्न तिच्या चिन्हांत मावत नाही. घटकांच्या एककालिकतेवर दिलेला भरही टिकला नाही. खुणेच्या अंतर्गत क्रमही असतो, हे लिडेल व जॉन्सन यांनी १९८९ मध्ये दाखविले. 'चेरीम' ही संज्ञा तर मागे पडली, आणि ध्वनीशी संबंध नसलेल्या या भाषेच्या अभ्यासकांनी अखेर 'स्वनिम' हीच संज्ञा पत्करली!

क्रोनबर्ग यांच्या परिशिष्टांचे मात्र तसे झाले नाही. क्रोनबर्ग व कास्टरलाइन हे दोघेही स्वतः बधिर होते, ही गोष्ट आनुषंगिक मानता येत नाही. बधिर व्यक्तींचा समुदाय श्रवणाच्या उणिवेने नव्हे, तर भाषेने बांधला जातो, ही त्या परिशिष्टांची भूमिका आहे. (मराठीतील 'मूकबधिर' हा रूढ समास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे, त्यात भाषेचा अभावच गृहीत धरलेला दिसतो.) बहुतेक बधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असल्याने ही भाषा पाळण्यात लाभत नाही, ती निवासी शाळेत, मुलांकडून मुलांकडे जाते. साहजिकच बोलींच्या सीमा शाळांच्या सीमांना धरून पडतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय बधिर मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्या गेल्या, आणि त्यांच्या खुणाही वेगळ्या झाल्या. या बोलीच्या अभ्यासाची आवश्यकता क्रोनबर्ग यांनी तेव्हाच नोंदविली होती. तिचे विस्तृत वर्णन करणारा मॅकॅस्किल, ल्यूकस, बेली व हिल यांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास २०११ साल उजाडावे लागले.