लेन्स बदलताना

३० मे १९३७ रोजी शिकागोत रिपब्लिक स्टीलच्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला; दहा जण मेले. पॅरामाउंटच्या वृत्तपटासाठी ऑर्लँडो लिपर्ट याने तो प्रसंग चित्रित केला, पण कंपनीने रीळ दाबून ठेवले. प्रेक्षक बिथरतील, दंगे होतील, ही सबब. (एरवी प्रेक्षकांची एवढी काळजी कुठे असे!) अखेर सिनेटच्या ला फॉलेट समितीने ते मागवून पाहिले. पळणारी माणसे आणि पडलेल्यांवर चालणारी दांडकी पाहिल्यावर जमावाच्या हल्ल्याची पोलिसी कहाणी टिकत नाही.

तरीही हे चित्रण ‘सारे काही दाखवते’ हे म्हणणे मला मान्य नाही. गोळीबाराला तोंड फुटले तो क्षण त्यात नाहीच. लिपर्ट नेमका तेव्हा लेन्स बदलत होता. आधी बोलाचाली दिसते, मग एकदम धावपळ. मधले काही सेकंद गायब. ही फट निवेदनाने बुजवू नये. ती भरून निघते ती पडद्याबाहेर, समितीपुढच्या वैद्यकीय साक्षीत: सात जणांना पाठीत गोळ्या, तिघांना कुशीत, समोरून एकालाही नाही. कॉरोनरच्या ज्यूरीने मात्र हा मनुष्यवध समर्थनीय ठरवला; कोणाही पोलिसावर खटला झाला नाही.